रंगमंदिरातील चित्रकाराचा पक्ष

नाटक, संगीत आणि नृत्य यांच्या व्यवहारात वावरणाऱ्या सुजाण मंडळींत अलीकडे एक मत इतके रूढ झाले आहे की, ते बोलून दाखवणाऱ्याला प्रमाण देण्याची गरज वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला ते मागण्याचे सुचत नाही. रंगमंदिराच्या सेवेत संगणकावर चित्रे करणारा जो मनुष्य असतो, म्हणजे जो महिन्याच्या कार्यक्रमांची पोस्टरे करतो, नाटकाच्या नावाची अक्षरे घडवतो, गायनाच्या वा नृत्याच्या वेळी मागच्या पडद्यावर प्रकाशचित्रे सोडतो आणि प्रवेशदालनातील एलईडी फलक सांभाळतो, तो कलावंत नव्हे, असे हे मत आहे. त्याचे काम यंत्र करते, त्याने केवळ कळा दाबायच्या. खरा चित्रकार तो, ज्याचे हात रंगाने माखतात. शिवाय रंगभूमीला चित्राची मुळात गरजच नाही, कारण ती नट आणि शब्द एवढ्यावरच उभी राहते. चित्र ही जाहिरात खात्याची बाब आहे आणि पडद्यावरची हलती चित्रे तर प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीचा घातच करतात. आणि आता चार ओळींचे फर्मान सोडले की चित्र हातात ठेवणारी यंत्रे घरोघर आली असताना या मनुष्याला दरमहा पगार द्यावा, हा संस्थेच्या जमाखर्चावरचा निष्कारण बोजा होय. विरुद्ध पक्षाचे म्हणणे मी सौम्य केलेले नाही आणि वाढवलेलेही नाही. संस्थाचालकांच्या सभेत, तालमीच्या दालनात आणि प्रयोगानंतरच्या चहाच्या वेळी ते याच क्रमाने आणि याच निःशंकपणे ऐकू येते. मी स्वतः अशाच एका रंगमंदिराच्या सेवेत आहे, तेव्हा या वादात मी तटस्थ नाही आणि तटस्थतेचा आव आणण्याची मला इच्छाही नाही.

प्रथम यंत्राचा आक्षेप घेऊ. रंगभूमीने यंत्राचा आश्रय आजच घेतला आहे काय? 1962 साली ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आले आणि प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच भूमिका केल्या, तेव्हा त्या भूमिका फिरत्या चक्राने वठवल्या असे म्हणावयास कोणी धजला असता काय? पायपेटीचा भाता हवा भरतो म्हणून स्वर वादकाचे नव्हेत, किंवा डिमरची दांडी खाली ओढली की मंच अंधारतो म्हणून प्रकाशयोजना ही दांडीची करणी, असा युक्तिवाद नाट्यक्षेत्रात कोणी ऐकून घेणार नाही. मग तोच युक्तिवाद संगणकापुढे बसलेल्या माणसाविषयी मान्य का व्हावा? यंत्र हवे ते करू शकते हे खरे. पण काय हवे, हे त्याला ठाऊक नसते. ते ठरवणे हेच या धंद्यातले श्रम आहेत, आणि ते दिसत नाहीत म्हणून ते घडतच नाहीत, असे समजणे हा अवलोकनाचा दोष आहे.

एकच गोष्ट जवळून पाहा. नाटकाचे नाव देवनागरीत लिहावयाचे असते. संगणकात सहज मिळणारे पुष्कळ अक्षरसंच हिंदीच्या वळणाचे असतात. त्यांतला ल आणि श मराठी डोळ्याला परका वाटतो, आणि ज्या वाचकाला त्याचे कारण सांगता येत नाही त्यालाही ते पोस्टर आपल्या घरचे वाटत नाही. ‘दऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र अनेक संचांत नीट बसत नाही. जुन्या किंवा निष्काळजी प्रणालीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटून त्यांचे हलंत तुकडे होतात. हे सगळे दुरुस्त केल्यावर खरे काम सुरू होते: शिरोरेघ अखंड ठेवावी की तोडावी, वेलांटीला ताठा द्यावा की लवचिकपणा, संगीत नाटकाच्या नावाला जी गोलाई शोभते ती एखाद्या खुनाच्या खटल्याच्या नाटकाला द्यावी काय. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरे रेखाटली, त्यांच्यामुळे मराठी प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांना नाटकाचा स्वभाव तिकीटखिडकीशी जाण्यापूर्वीच कळत असे. नाव वाचण्याआधी त्याचा चेहरा ओळखू येई. ते हाताने रेखाटीत, हे आमच्या विरुद्ध सांगितले जाते. पण शेडगे यांचे मोठेपण कुंचल्यात होते की त्या नाटकाला हीच अक्षरे हवीत या निर्णयात होते? कुंचला तर त्यांच्या शेजारच्या मेजावरही पडलेला असेल.

हात माखण्याच्या अभिमानाविषयीही बोलले पाहिजे, कारण तो कोल्हापूरच्या परंपरेच्या नावाने सांगितला जातो आणि त्या परंपरेचा त्यात विपर्यास होतो. आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकमंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे हे मराठी रंगभूमीच्या वैभवाचे अंग होते. पण त्याच बाबूरावांनी चलच्चित्राचा कॅमेरा आपल्या कारखान्यात स्वतः घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे ठेवला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या त्या हातांना यंत्र विटाळाचे वाटले नाही. रंगातून जे साधत होते ते प्रकाशातून कसे साधेल, याची त्यांना ओढ लागली. पडदे रंगवणाऱ्या पूर्वजांना आमच्याविरुद्ध साक्षीला बोलावणाऱ्यांनी त्यांची साक्ष शेवटपर्यंत ऐकावी. बाबूराव आज असते, तर प्रोजेक्टरच्या भिंगाशी त्यांनी कोणाच्याही आधी खटपट केली असती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

रंगभूमीला चित्राची गरज नाही, हा त्यापुढचा आक्षेप. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात, जे 1968 साली लोकांसाठी खुले झाले, गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन रूपे, एक पुरुषवेशातले आणि एक स्त्रीभूमिकेतले, ज्याने पाहिली आहेत त्याला हे रंगमंदिर त्या चित्रांवाचून आठवता येते काय? पणजीच्या कला अकादमीत चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या प्रेक्षागृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या गोमंतकीय नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक चितारले, तेव्हा ती केवळ भिंतीची शोभा होती काय? त्या चितारलेल्या प्रेक्षकांमुळे, खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला आपण एका जुन्या समाजाच्या पंक्तीत बसलो आहोत ही जाणीव होते. नाटकाची अर्धी तयारी तेथेच होते. पॅरिसमध्ये 1895 च्या पहिल्या दिवशी ‘जिस्मोंदा’ या नाटकासाठी आल्फोन्स मुखा यांनी केलेले पोस्टर भिंतींवर लागले, आणि सारा बर्नहार्ट या श्रेष्ठ नटीने त्या अपरिचित चित्रकाराशी सहा वर्षांचा करार केला. पोस्टरांबरोबर नेपथ्य, वेशभूषा आणि दागिने यांचेही काम त्यांच्याकडे सोपवले. जाहिरात खात्यातला म्हणून तिने त्यांना दाराबाहेर उभे केले नाही, नाटकाच्या आत घेतले. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरने 1994 पासून पॉला शेर यांच्या अक्षरांना आपला चेहरा मानले, तेही याच समजुतीने. प्रयोगाचा आरंभ पडदा वर जाण्याच्या क्षणी होतो हे तांत्रिक सत्य असेल. प्रेक्षकाच्या मनात तो त्याआधी कितीतरी दिवस, एखाद्या भिंतीवर किंवा हातातल्या फोनवर, सुरू झालेला असतो, आणि तो कोणत्या सुरात सुरू व्हावा हे आम्ही ठरवतो.

आता विरुद्ध पक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येतो: पडद्यावरची चित्रे कल्पनाशक्तीचा घात करतात. तमाशातला सोंगाड्या एक गिरकी घेतो आणि मथुरेची वाट सरते. दशावतारी नट रिकाम्या जागेत सागर उभा करतो. मग तेथे सागराची हलती छबी दाखवून नटाचे काम हिरावून घ्यावे का, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. नटाने दाखवलेला सागर पडद्यावर पुन्हा दाखवणे हे निकृष्ट काम आहे. लग्नाच्या मांडवातल्यासारखे भडक धबधबे आणि फिरणारी चक्रे गायकाच्या पाठीमागे सोडणे हेही निकृष्ट काम आहे. पण निकृष्ट कामावरून कलेचा निवाडा करावयाचा, तर कोणती कला शिल्लक राहील? वाईट नटांमुळे अभिनय निषिद्ध ठरला नाही, बेसूर पदांमुळे संगीत नाटक बंद करण्याचा हुकूम कोणी काढला नाही. बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटर यांनी 1920 च्या दशकात रंगमंचावर चित्रपट आणला तो नटाला विश्रांती देण्यासाठी नव्हे, तर नटाच्या एकट्या आयुष्याच्या पाठीमागे इतिहासाचा लोंढा उभा करण्यासाठी. आल्फ्रेड राडोक आणि योसेफ स्वोबोदा यांनी 1958 च्या ब्रसेल्स प्रदर्शनात ‘लातेर्ना माजिका’ सादर केले, तेव्हा जिवंत नट आणि छायाचित्रातला नट यांच्यामधली ओढाताण हाच त्या प्रयोगाचा विषय झाला. मागच्या पडद्यावरच्या चित्राने नटाला खोटे पाडावे, त्याच्या बोलण्याला उत्तर द्यावे, त्याला एकटे पाडावे. वर्णन मात्र करू नये. हा विवेक आम्हांला कळत नाही, असे गृहीत कोणी धरले?

आणि हे निकृष्ट काम उपजते कोठून, याचा शोध आक्षेपकांनी एकदा तरी घ्यावा. नाटकाचे वाचन होते, तेव्हा नेपथ्यकाराला बोलावणे जाते, प्रकाशयोजनाकाराला जाते, संगीतकाराला जाते. चित्रकाराला जात नाही. तालमी उभ्या राहतात, त्यांत आमची खुर्ची नसते. प्रयोग तोंडावर आल्यावर एक निरोप येतो की, तिसऱ्या प्रवेशात पावसाचे काहीतरी हवे, आणि दुसऱ्या अंकात गाव. मराठी नाट्यगृहाचा दिवस सत्रांत वाटलेला असतो. दुपारच्या प्रयोगाचे सामान उतरते न उतरते तोच रात्रीच्या मंडळींचा टेम्पो मागच्या दाराशी लागतो. सेट उभा राहतो, दिवे लागतात, ध्वनीची चाचणी होते, आणि उरलेल्या थोड्या वेळात, प्रेक्षक दालनात येऊ लागले असताना, आम्ही आमचा प्रोजेक्टर लावावा अशी अपेक्षा असते. तो पडद्याच्या अगदी समोर टांगता आला तर ठीक. पण बहुधा तो बाजूला टांगावा लागतो आणि चित्र तिरके पडते, म्हणून ते आधीच उलट्या बाजूने तिरके करून ठेवावे लागते. पडद्यामागून प्रकाश टाकावा म्हटले तर सायक्लोरामाचा पडदा आणि मागची भिंत यांत अंतर नसते. समोरून टाकावा तर नटाची सावली चित्रावर आणि चित्र नटाच्या कपाळावर. त्यात प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळा म्हणून आपण जे योजतो, तेथे तो आपला प्रकाश रोखतो आणि तो पुरता रोखणे त्याला साधत नाही, म्हणून काळोखाच्या प्रवेशात पडद्यावर एक करडा चौकोन तरंगत राहतो आणि दिग्दर्शकाने महिनाभर घडवलेला काळोख त्या चौकोनात नासतो. यावर उपाय आहेत: भिंगापुढे झडप लावता येते, पडद्याचा पोत बदलता येतो, प्रकाशयोजनाकाराशी बसून काळोखाचे प्रमाण ठरवता येते. पण ‘बसून’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, आणि बसण्याची ती जागाच आम्हांला नाकारलेली आहे. ज्या अनादराने आमचे काम बिघडते, तोच अनादर त्या बिघडलेल्या कामाचा दाखला देऊन समर्थनीय ठरवला जातो. याहून अन्यायाची तर्कपद्धती दुसरी कोणती असेल?

एका नृत्यमहोत्सवातली गोष्ट सांगतो. भरतनाट्यमची नर्तकी होती, मागे भाड्याने आणलेला भलामोठा एलईडी पडदा. तालमीत मला दिसले की, पडद्याचे तेज नर्तकीच्या हातांहून अधिक आहे. पताका आणि कर्तरीमुख यांत भेद कळेना, बोटे काळ्या आकृतीत बुडून जात होती. मी पडद्याचे तेज उतरवीत नेले, इतके की देवळाच्या खांबांची चाहूल तेवढी राहिली. आणि तिच्या तळहातांवरचा अळिता शेवटच्या रांगेतून दिसू लागला. व्यवस्थापकांनी तत्काळ हरकत घेतली की, एवढे भाडे भरून आणलेला पडदा दिसतच नाही. तेज पुन्हा चढवण्याचा हुकूम झाला आणि प्रयोग तसाच पार पडला. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींच्या तोंडून ऐकले की, या पडद्यांनी नृत्य मारले. कोणी मारले? तेज उतरवणाऱ्याने की चढवणाऱ्याने?

गायनाच्या मैफलीत हा प्रश्न याहून नाजूक होतो. विलंबित एकतालातला ख्याल किती वेळ चालेल, हे गायकालाही आधी सांगता येत नाही; मग त्याच्या पाठीमागचे चित्र मिनिटे मोजून आधी बांधून ठेवणे कसे शक्य आहे? म्हणून मी चित्राचे थर वेगवेगळे करून ठेवतो आणि मैफलीच्या वेळी नियंत्रण-फलकाशी बसून ऐकत राहतो. मध्य सप्तकात बढत चालू असताना पडद्यावर जवळजवळ काहीच हलू देत नाही. गायक तार षड्जावर स्थिरावला की एकच थर, हळूहळू, उजळू देतो. द्रुत लागली की तिच्या मागे धावत नाही, कारण समेवर तबला आहे, तेथे आणखी कोणी नको. यात कळ मी दाबतो हे खरे. केव्हा दाबायची नाही, हे मला कशाने कळले? कानांनी, आणि कान तयार व्हावे म्हणून मैफली ऐकण्यात जी वर्षे गेली, त्यांनी. साथीच्या संवादिनीवाल्याकडून आपण ज्या गुणाची अपेक्षा करतो, तोच गुण येथे लागतो, आणि संवादिनीवाल्याला कोणी ‘ऑपरेटर’ म्हणत नाही.

आपोआप चित्रे करणाऱ्या यंत्रांची धमकी सर्वांत नवी, म्हणून ती सर्वांत उत्साहाने दिली जाते. त्या यंत्रांकडून एका गायनाच्या कार्यक्रमासाठी करवून घेतलेले पोस्टर मला मंजुरीसाठी दाखवण्यात आले. चित्र मोठे झगझगीत होते. गायिकेच्या मांडीशी तंबोरा होता आणि त्या तंबोऱ्याला सतारीसारखे पडदे लावलेले होते; तारा किती, याचा मेळ लागत नव्हता; तिच्या नावातले एक जोडाक्षर कोणत्याच लिपीतले नव्हते. ही चूक सुधारता येईल, पुढचे यंत्र ती करणारही नाही, असे मला सांगण्यात आले, आणि तसे होईलही. पण माझा आक्षेप त्या चुकीवर संपत नाही. जिचे आयुष्य तंबोऱ्याच्या जव्हारीत गेले, तिच्या कार्यक्रमाची घोषणा, तंबोरा कधी न ऐकलेल्या यंत्राने करावी आणि ती तशीच छापावी असे ज्या संस्थेला वाटते, त्या संस्थेत त्या गायिकेच्या कलेविषयी तरी आदर कितपत उरला आहे? ज्या संस्थेला वादकाच्या बैठकीची ठेवण, दशावतारी मुखवट्याचा रंग आणि नांदीतल्या नटाचा हात यांची पारख असलेला डोळा आपल्या दफ्तरात नको आहे, तिने कलासंवर्धनाची भाषा आपल्या घटनेतून काढून टाकावी. यंत्र मीही वापरतो, जसा कात्री वापरतो. पण काय कापू नये, हे मी कात्रीला विचारीत नाही.

हे काम टिकत नाही, फाइल पुसली की संपले, असाही एक आक्षेप अधूनमधून होतो. तो रंगभूमीच्या माणसांनी करावा, हे समजण्यापलीकडचे आहे. पडदा पडला की ज्यांची कला उरत नाही आणि ज्यांना त्याच गोष्टीचा योग्य अभिमान आहे, त्यांनी आमच्या कलेला क्षणभंगुरतेचा दोष द्यावा काय?

राहिला प्रश्न मोबदल्याचा आणि नावाचा, आणि तो मी शेवटी घेतो याचे कारण तो कमी महत्त्वाचा आहे हे नव्हे. कलेची सेवा म्हणून थोडे समजून घ्या, हा शिरस्ता आमच्याबाबत इतका अंगवळणी पडला आहे की, एका नाटकासाठी केलेली चित्रे पुढच्या प्रत्येक प्रयोगात, परगावच्या दौऱ्यात आणि परदेशच्या महाराष्ट्र मंडळांपुढे वापरली जातात आणि चित्रकाराला ते कळतही नाही. नटाला प्रत्येक प्रयोगाचे मानधन, म्हणजे नाइट, मिळते. त्याच नटाच्या पाठीमागे प्रत्येक प्रयोगात उभ्या राहणाऱ्या चित्राला ती का मिळू नये? म्हणून मागणे स्पष्ट शब्दांत लिहितो. नाटकाच्या पहिल्या वाचनाला चित्रकाराला बोलावणे जावे आणि तालमींत त्याला जागा असावी. सत्राच्या आरंभी, दिव्यांच्या बरोबरीने, पडदा आणि प्रोजेक्टर लावून पाहण्याइतका वेळ राखून ठेवावा. करारात चित्रांच्या पुनर्वापराचे कलम असावे आणि प्रयोगागणिक नाइट असावी. आणि तिसऱ्या घंटेनंतर जे निवेदन होते, त्यात नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि संगीतकार यांच्या नावांबरोबर चित्रकाराचे नाव वाचले जावे. यांपैकी एकही गोष्ट आम्ही कृपा म्हणून मागत नाही. नेपथ्यकाराला ती ज्या कारणाने मिळते त्याच कारणाने ती आमची आहे. आणि ते कारण ज्या संस्थाचालकांना मान्य नसेल, त्यांनी उद्याच्या प्रयोगाच्या निवेदनातून नेपथ्यकाराचेही नाव वगळून दाखवावे.